फाटलेल्या प्रश्नाचा भाग (ड)

७ जानेवारी

ग्रंथालयातला पहिला दिवस. खोली तळमजल्यावर, उत्तरेकडची. दोन खिडक्या, एक स्कॅनर, खडूनं आकडे घातलेल्या एकशे चाळीस पेट्या. नोकरी सहा महिन्यांची, म्हणून वहीही पातळच घेतली.

काम असं आहे. आपल्या राज्यातून देशाच्या संसदेत आजवर जे जे निवडून गेले त्यांची एक पक्की यादी करायची, पहिल्या सभागृहापासून चौदाव्यापर्यंत, दर सार्वत्रिक निवडणुकीचं एक सभागृह धरून. कोण, कुठून, किती दिवस, आणि तिथे जाऊन काय विचारलं. सदस्य प्रश्न कागदावर लिहितो, खाली सही करतो, कागद संसदेच्या कचेरीत जातो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. ते मूळ कागद कचेरीनं जागा पुरेना म्हणून ज्याच्या त्याच्या राज्याकडे परत पाठवले. आपल्या वाट्याचे या पेट्यांत आहेत.

राज्याच्या एकोणीस जागा. पोटनिवडणुका धरून २८१ निवडी. माणसं १७३, कारण काही जण पुन्हा पुन्हा गेले. त्यांत बायका नऊ. आकडा चुकला असं वाटून मी प्रोग्रॅम पुन्हा चालवला. ग्रंथपालबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "दहा वेळा चालवलास म्हणून दहा होणार नाहीत."

१५ जानेवारी

माझी पद्धत मान्य झाली. प्रत्येक कागद दोन जणांनी वेगवेगळा टाइप करायचा. प्रोग्रॅम दोन्ही नोंदी अक्षर अक्षर जुळवतो. फरक आला की मूळ कागद पाहायचा. एक माणूस चुकतो, पण दोन माणसं एकाच ठिकाणी एकच चूक सहसा करत नाहीत. दोघांनी नोंदींबद्दल आपसात बोलायचं नाही, एवढाच नियम.

पहिली मी. दुसरा टंकलेखक म्हणून बाबांनी स्वतःच नाव दिलं. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. त्याआधी अकरा वर्षं ते मास्तरांचे स्वीय सहायक होते, म्हणजे मास्तर संसदेत असेपर्यंत. मास्तर म्हणजे आमच्या मतदारसंघातून तीनदा निवडून गेलेले सदस्य. राजकारणाआधी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. पुढे बाबा राज्याच्याच कचेरीत होते. ग्रंथपालबाईंना वाटलं, अनुभवी माणूस मिळतोय तर बरंच आहे. मलाही वाटलं. निवृत्तीनंतर त्यांचा वेळ जात नव्हता.

ते घरून काम करतात. मी कागदांची छायाचित्रं पाठवते, ते टाइप करून परत पाठवतात. मावशी वरच्या मजल्यावर राहते. ती म्हणाली, "एका घरात दोघं, आणि बोलायचं नाही. तुमचं आधी काय वेगळं होतं?"

बाबा मला आता 'साहेब' म्हणतात.

२ फेब्रुवारी

सातवं सभागृह सुरू केलं. मी क्रमानं जाणार होते, पण बाबांनी मास्तरांचे गठ्ठे आधी मागितले. अक्षर ओळखीचं आहे, लवकर होतील, असं कारण दिलं. कारण बरोबर आहे.

मास्तरांचे प्रश्न २१४. राज्याच्या १७३ माणसांत पहिला क्रमांक. दुसऱ्या क्रमांकावर तिसऱ्या सभागृहातल्या एक डॉक्टरीणबाई, १६३, तेही एकाच मुदतीत. त्यांचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. फाइलमध्ये फोटोही नाही.

ग्रंथालयाच्या नवीन इमारतीतल्या दालनाला मास्तरांचं नाव द्यायचं ठरलंय. एप्रिलमध्ये समारंभ आहे. पाटीवर 'सर्वाधिक प्रश्न विचारणारे' असं लिहायचं म्हणून समितीला माझा आकडा हवाय. शेवटच्या मुदतीत ते घरात पडले आणि नंतर अंथरुणातच होते. तरी प्रश्न विचारणं थांबवलं नाही. हीच त्यांची कीर्ती आहे. शाळेत आम्हाला यावर निबंध होता. मला दहापैकी नऊ मिळाले होते.

मी लहान असताना बाबा मला दोन्ही हातांनी नाव लिहून दाखवायचे. उजव्यानं सरळ, डाव्यानं कापरं. मला ती जादू वाटायची. सह्या बघता बघता हे का आठवलं, सांगता येत नाही.

१९ फेब्रुवारी

नोंद ४१२ ला फरक आला. फरक म्हणण्यापेक्षा नीट लिहिते.

कागद मास्तरांचा. प्रश्न जिल्हा रुग्णालयांतल्या डायलिसिसच्या यंत्रांबद्दल. कागदाचा खालचा तिसरा हिस्सा फाटून गेलाय. भाग (अ) आणि (ब) दिसतात, (क) अर्धा दिसतो, पुढे कागदच नाही. सही नाही. मी टाइप केलं: 'खालचा भाग फाटलेला.'

बाबांच्या नोंदीत (क) पूर्ण आहे. त्याखाली आहे:

'(ड) यंत्र बंद असल्यामुळे परत पाठविलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले याची नोंद कोणी ठेवते काय ?'

मी छायाचित्र चार पट मोठं करून पाहिलं. तिथे फाटकी कडा आहे आणि स्कॅनरची काच आहे. बाबांनी कागदावर नसलेली ओळ टाइप केली आणि ती कागदावर नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दिवसभर दुसरं काम झालं नाही.

२० फेब्रुवारी

सकाळी राग आला होता. नोंदीत मनाची भर घालणं हा आमच्या कामातला सगळ्यात मोठा दोष. मग वाटलं, त्यांनी संसदेच्या छापील खंडातून उतरवलं असेल. तोही दोषच, पण लहान.

खंड काढला. प्रश्न छापलेला आहे. (अ), (ब), (क), आणि मंत्र्याचं उत्तर. (ड) नाही. कचेरीची आवक वही काढली. त्या प्रश्नापुढे लाल शाईत शेरा आहे: 'भाग (ड) अमान्य.' म्हणजे (ड) होता. कचेरीनं तो काढून टाकला. त्यात काय लिहिलं होतं ते या जगात एकाच कागदावर होतं, आणि त्या कागदाचा तो भाग आता नाही.

बाबांना तो पाठ आहे.

याचंही साधं स्पष्टीकरण आहे. ते मास्तरांचे सहायक होते. मास्तरांनी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. बाबांची स्मरणशक्ती चांगली आहे.

२१ फेब्रुवारी

स्पष्टीकरण तपासलं. तपासायला नको होतं असं आज पहिल्यांदा वाटलं.

मास्तरांच्या रजेचा अर्ज पेटी क्रमांक ८८ मध्ये आहे. सोबत डॉक्टरांचा दाखला. 'रुग्णाची वाचा पूर्ण गेली आहे. बोललेले समजत असल्याची खूण नाही. सुधारणा होण्याचा संभव नाही.' दाखल्याची तारीख प्रश्नाच्या दोन महिने आधीची आहे.

मी तो तीनदा वाचला. मग उठून खिडकी उघडली आणि पुन्हा लावली. ग्रंथपालबाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, धूळ.

ज्याला बोलता येत नाही आणि बोललेलं कळत नाही, त्या माणसानं चौदा महिन्यांत त्र्याहत्तर प्रश्न विचारले. मी त्यावर निबंध लिहिला होता.

२४ फेब्रुवारी

फक्त जे दिसतं ते लिहिते.

पडल्यानंतरचे कागद ७३. तारखेप्रमाणे लावले. पहिल्या चार कागदांवर मास्तरांची नेहमीची सही आहे, उजवीकडे झुकलेली, ठणठणीत. पाचवा कागद फाटका, नोंद ४१२. त्यानंतर आठ कागदांवर पुन्हा तीच ठणठणीत सही. त्यानंतरच्या साठ कागदांवर कापरी, डावीकडे कललेली. कचेरीनं एकदा लिहून ठेवलंय: 'प्रकृतीमुळे सदस्य डाव्या हाताने सही करतात.' आणि पुढे कुणी पाहिलं नाही.

साठही सह्यांत पहिल्या अक्षराची गाठ खालून वर बांधलेली आहे. मास्तर वरून खाली बांधायचे. खालून वर बांधणारा माणूस मला माहीत आहे. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर बारा वर्षं त्याची सही आहे.

गठ्ठा बांधून पेटीत ठेवला.

आणखी एक. आई किडनीच्या आजारानं गेली. मी अकरा वर्षांची होते. जिल्हा रुग्णालयातलं यंत्र नऊ दिवस बंद होतं आणि आम्हाला परत पाठवलं. नोंद ४१२ ची तारीख आई गेल्यानंतर एकविसाव्या दिवसाची आहे. हा योगायोग असू शकतो. तसं मानायला माझ्याकडे आधार नाही.

१ मार्च, रविवार

नियम मोडला. नोंदींबद्दल बोलले.

बाबा दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर इस्त्रीचा प्लग उघडून बसले होते. मी विचारलं, मास्तर पडल्यानंतरही बारा कागदांवर त्यांची चांगली सही कशी.

त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, मास्तर दौऱ्यावर निघताना कोऱ्या कागदांवर सह्या करून खणात ठेवून जायचे. सगळेच सदस्य ठेवायचे, नाहीतर प्रश्नाची मुदत हुकते. ते पडले तेव्हा खणात असे डझनभर कागद होते. ते बाबांनी वापरले.

"आणि ते संपल्यावर?"

"आधी उजव्या हातानं करून पाहिली. फार सुरेख यायची. इतक्या आजारी माणसाची सही इतकी सुरेख? मग डावा हात धरला."

हे त्यांनी प्लगबद्दल सांगावं तसं सांगितलं. मी विचारलं, मास्तरांना विचारत होतात का.

"रोज वाचून दाखवायचो. पहिल्या महिन्यात वाटायचं, मान हलवतात. एके दिवशी वाचत असतानाच दारावरची बेल वाजली. बेललाही तशीच हलली." स्क्रू त्यांच्या बोटांतून पडला, तो त्यांनी शोधून काढला. "तरी वाचायचो. सवय."

जागा रिकामी झाल्याचं कळवलं असतं तर पोटनिवडणूक झाली असती, असं मी म्हणाले. ते म्हणाले, मास्तरांच्या बाईंना ते नको होतं, पक्षाला नको होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही नको होतं. "आपल्या एकोणीस खुर्च्या तिथे. अठरा जणं जांभई द्यायला तोंड उघडायची. मला वाटलं, ही एक तरी चालू राहू दे."

मी म्हणाले, हा गुन्हा आहे.

"हो," ते म्हणाले आणि स्क्रू घट्ट केला.

४१२ बद्दल मी विचारलं नाही. त्यांनी टाइप केलेल्या ओळीबद्दल त्यांना अजून माहीत नाही. किंवा आहे.

इस्त्री चालू झाली.

४ मार्च

काही केलं नाही. तीन दिवस आठव्या सभागृहाच्या पेट्या लावल्या.

८ मार्च

मावशीला सांगितलं. कुणाला तरी सांगणं भाग होतं. ती आईची धाकटी बहीण आणि तिला गुपित ठेवता येतं, जरी तसं वाटत नाही.

ती ओरडली नाही, याचंच मला जास्त वाटलं. भाजी निवडणं तेवढं थांबवलं. मग म्हणाली, "झाकली मूठ आहे, झाकलीच राहू दे. मास्तर गेले, त्यांची बाई गेली. मागे उरला तुझा बाप. पेन्शन जाईल, नाव जाईल, आणि या वयात कोर्टाच्या पायऱ्या. कशासाठी? तुझ्या यादीसाठी?"

मी म्हणाले, यादी खोटी असेल तर ती यादी नव्हे. डॉक्टरीणबाईंचंही सांगितलं. १६३ प्रश्न त्यांनी स्वतः विचारले, स्वतः सही केली, आणि पाटी दुसऱ्याची लागणार आहे.

मावशी म्हणाली, "त्यानं हे काम का मागून घेतलं, काय वाटतं तुला?"

"वेळ जात नव्हता म्हणून."

तिनं भाजीची परात पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाली, "शिकवलं तुला खूप. आता जा, मला भाजी निवडू दे."

१३ मार्च

दुसरी फेरी सोमवारपासून. सहीचा स्तंभ भरायचा. ही फेरी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती आणि बाबांनाही माहीत होती. संकेत माझेच आहेत: १ म्हणजे सही सदस्याची, २ म्हणजे अस्पष्ट किंवा दिसत नाही, ३ म्हणजे सही दुसऱ्याची.

ग्रंथपालबाईंना विचारलं, एखाद्या सदस्याच्या सह्या दुसऱ्याच्या निघाल्या तर पुढे काय. नाव घेतलं नाही. त्या म्हणाल्या, दोघांनी ३ टाकला तर नोंद पक्की होते आणि अध्यक्षांच्या कचेरीत जाते. चौकशी बसते. संबंधित माणूस सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला असेल तर चौकशी संपेपर्यंत पेन्शन थांबतं. दोघांत फरक पडला तर मूळ कागद, आणि मूळ कागदावरूनही ठरत नसेल तर २ कायम.

मग चष्मा पुसत म्हणाल्या, "अस्पष्ट हा आकडा तूच ठेवलास. कापरी सही अस्पष्टच असते, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील तुला."

त्यांना किती कळलंय, माहीत नाही. जूनमध्ये त्या निवृत्त होतात.

मी या गठ्ठ्यातून बाजूला व्हायला हवं होतं. पण बाजूला व्हायचं तर कारण लिहून द्यावं लागतं, आणि कारण लिहिणं म्हणजेच नोंद करणं.

१६ मार्च

बाबांना त्र्याहत्तर छायाचित्रं पाठवली, सहीचा स्तंभ कोरा ठेवून. मी काय भरणार ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "गठ्ठा पोहोचला, साहेब."

त्यांनी १ टाकला तर मी काही म्हणणार नाही. फरक ग्रंथपालबाईंकडे जाईल, त्या कागद बघतील. २ टाकला तरी समजेन. मी स्वतः काय टाकणार ते मला माहीत आहे. एवढंच लिहिते.

१९ मार्च

माझा स्तंभ भरून झाला.

बारा कागद: १. मजकूर कुणाचाही असो, सही मास्तरांची आहे. स्तंभ सहीबद्दल विचारतो, त्यामुळे नियमाप्रमाणे ते बारा कागद बरोबर आहेत. हे लिहिताना हसू आलं. चांगलं हसू नव्हतं.

साठ कागद: ३.

नोंद ४१२: २. सही फाटून गेलीय, दिसत नाही. खरं म्हणजे अंदाज सोपा आहे. आधीच्या चार कागदांवर मास्तरांची, नंतरच्या आठांवर मास्तरांची, म्हणजे मधलीही त्यांचीच असणार. हाही खणातलाच कागद. पण अंदाज टाइप करायचा नसतो. २.

२१ मार्च

बाबांचा गठ्ठा सकाळी आला. मी दार लावून प्रोग्रॅम चालवला. चार सेकंद लागले.

फरक: १.

आधी फक्त आकडाच पाहिला. एक. म्हणजे साठच्या साठ ठिकाणी त्यांनी ३ टाकला होता. मी खाली खाली जात राहिले. ३, ३, ३, ३. कुठेच त्यांचा हात अडखळला नव्हता. स्वतःचं नाव, पेन्शन, सगळं साठ वेळा. मला वाटलं होतं मी तयार आहे. नव्हते.

बारा ठिकाणी १. तेही जुळलं.

मग फरक पाहिला. नोंद ४१२. माझा २. त्यांचा ३.

आधी वाटलं, साठ वेळा ३ टाकून बोट तिथेच पडलं असेल. पण ४१२ पाचव्या क्रमांकावर आहे. आधी चार वेळा १, मग ३, मग आठ वेळा १. चूक अशी होत नाही. त्यांनी थांबून तो आकडा बदललाय आणि पुढे पुन्हा १ वर गेलेत.

त्या कागदावर सही नाही. फाटलेला तुकडा कुठेही नाही. ती सही कुणाची होती हे कुणालाही, कधीही, सिद्ध करता आलं नसतं. आणि त्या दिवशी खणात मास्तरांची सही केलेले आठ कोरे कागद पडून होते. पुढच्या महिन्यांत ते सगळे वापरले, माझ्याकडेच आहेत ते. मग त्या दिवशी, आई गेल्यानंतर एकविसाव्या दिवशी, खण उघडून एक कागद काढायचा एवढंच काम होतं. त्यांनी काढला नाही. बिनसहीचा कागद घेतला आणि खाली मास्तरांची सही स्वतःच्या हातानं केली. गरज नसताना. साठांपैकी एकही अजून केलेली नव्हती तेव्हा.

असं का करावं माणसानं, यावर मी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत विचार केला. तो एक प्रश्न त्यांचा स्वतःचा होता.

नियमाप्रमाणे मूळ कागदावरून ठरत नसेल तर २ कायम राहतो. नियम मीच लिहिलाय. मी माझा २ खोडला आणि ३ टाकला. प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

फरक: ०.

२१४ मधून एकसष्ट वजा. मास्तर १५३, डॉक्टरीणबाई १६३. यादी छापून खाली माझी सही केली आणि ग्रंथपालबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि स्वतःच्या पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

घरी आले तेव्हा बाबा दारातच उभे होते. इस्त्री केलेला सदरा घातला होता, कुठे जायचं असल्यासारखा.

"साहेब, जुळलं?"

"जुळलं."

"सगळं?"

"सगळं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली.